सरांचे हात

माझ्या दादाला व्हिडिओ गेम खेळता येत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली नऊ वर्षं तो एका साप्ताहिकात जपानी आणि कोरियन गेमवर सदर लिहितोय आणि वाचक त्याला ‘सर’ म्हणतात. सरांनी नाक मुरडलं की गेम दुकानात धूळ खात पडतो, असं सर स्वतःच सांगत फिरतात. त्याच सरांच्या हातात कंट्रोलर दिला की त्यांचा शूर योद्धा भिंतीला नाक लावून जागच्या जागी चालत राहतो. सरांना दोन अंगठे एकाच वेळी हलवता येत नाहीत. एक हलवला की दुसऱ्याचा विसर पडतो.

खेळते मी. सकाळी सात ते दुपारी तीन मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. मेणात एकेक दात बसवायचा, हिरडीचा उतार कोरायचा, कुणाचा सुळा आधीपासून वाकडा असेल तर नवाही तसाच वाकडा ठेवायचा. हात स्थिर लागतो आणि कंटाळून चालत नाही. चार वाजता दादा माझ्या घरी येतो. गेम बाजारात यायच्या दहा दिवस आधी कंपन्या तो त्याला पाठवतात. तो पिशवीतून घेऊन येतो, माझ्या एकुलत्या एक बऱ्या खुर्चीत पाय पसरून बसतो आणि मी जमिनीवर बसून खेळते. “आता काय झालं? ही कोण? मघाचीच का ही?” असं विचारत तो वहीत काहीतरी खरडतो. बिस्किटांचा पुडा संपेपर्यंत त्याचं मत तयार झालेलं असतं.

मत म्हणजे काय, तर हिणवणं. जपानी साहसकथांचे ते लांबलचक गेम असतात, ज्यात आपण आणि राक्षस आळीपाळीने वार करतो. त्यांना त्याने ‘आधी आपण, आधी आपण करत चाललेली मारामारी’ म्हटलं आणि या एका वाक्यावर तो वर्षभर भाव खात होता. शेतीचा गेम आला, त्याची त्याने मुळे उपटण्याचा रिकामटेकडेपणा म्हणून वासलात लावली. तो गेम मी सत्तर तास खेळले. तिसऱ्या हिवाळ्यात त्या गावातल्या तुसड्या म्हातारीने पहिल्यांदा दार उघडून मला आत बोलावलं, तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि सर खुर्चीत घोरत होते. भुताचा जपानी गेम त्याने तोंडावर उशी धरून पाहिला. बाथरूमला जातानासुद्धा मला दाराशी उभं केलं. छापून काय आलं, तर ‘भीती नावालाही नाही’. जिथे नुसतं वाचायचं आणि कुणावर प्रेम करायचं ते ठरवायचं, असा एक गेम होता. तो पाहताना हा माझा रुमाल ओला करून बसला. मथळा दिला ‘भिकार’. तालावर बटणं दाबायच्या कोरियन गेमने त्याचं खरोखर डोकं दुखलं, ते मात्र त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. मारामारीचा गेम एकदा त्याने स्वतः खेळायला घेतला. त्यात गोष्ट नसते, समजायचं काही नसतं, म्हणाला. पाचव्या मिनिटाला कंट्रोलरचं बटण उखडून खुर्चीखाली गेलं.

तुम्ही म्हणाल, मग तू का खेळत होतीस? का त्याला हाकलून दिलं नाहीस? एकदा मी स्वतः लिहिलेला लेख साप्ताहिकाकडे पाठवला होता. संपादकांनी नम्रपणे विचारलं, “सरांच्या नजरेखालून गेलाय ना?” त्यानंतर मी लिहिणं सोडलं. आणि खरं सांगायचं तर मला ते गेम हवे होते, इतरांच्या आधी हवे होते. शिवाय त्याच्या सदरात मधेच माझं एखादं वाक्य जसंच्या तसं छापून यायचं, मी खेळता खेळता बोललेलं. ते वाक्य मी लॅबमध्ये डबा खाताना पुन्हा पुन्हा वाचायचे. मीही काही कमी मूर्ख नव्हते.

मग तो कोरियन तलवारीचा गेम आला. त्यात शेवटी एक राक्षसीण आहे. तिच्या पाठीवर एक पितळी घंटा, म्हणून आम्ही तिला घंटावाली म्हणायचो. ती इतकी चपळ आहे की डोळ्यांनी बघून वार चुकवायला गेलं की मेलंच. एकोणीस वेळा मेल्यावर माझ्या लक्षात आलं की बघायचंच नाही, ऐकायचं. घंटेचा नाद जड असेल तर वार खालून येतो, हलका असेल तर वरून, आणि नाद अर्धवट तुटला तर दोन पावलं मागे सरायचं, मग ती कितीही दूर दिसू दे. हे जिने कुणी रचलं होतं, तिला खेळणाऱ्याच्या कानांवर भरवसा होता. मला इतकं छान वाटलं की मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. एकसष्टाव्या प्रयत्नात घंटावाली पडली. दादा तेव्हा गॅलरीत कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

“दादा, या वेळी लेखावर माझंही नाव टाक,” मी म्हणाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा म्हणाले.

“अगं, म्हणजे काय! टाकणारच. दोघांचं टाकू.”

लेख आला. खाली एकच नाव, त्याचं. “जागा पुरली नाही गं, पान लावणाऱ्याने कापलं,” तो म्हणाला. माझं नाव काही आगगाडीएवढं लांब नाही. त्यावर कडी म्हणजे लेखात लिहिलं होतं, ‘या राक्षसिणीचा उगाच बाऊ केला जातो. प्रस्तुत लेखकाने तिला तिसऱ्या प्रयत्नात लोळवले.’

ही शेखीच त्याला भोवली. पुढच्या महिन्यात शहरात गेमचं प्रदर्शन होतं. कोरियन कंपनीची माणसं येणार होती, घंटावाली जिने रचली ती बाईही येणार होती. आयोजकांनी सरांना आदराने बोलावलं: तिसऱ्या प्रयत्नात लोळवलीत ना, मग आमच्यासमोर एकदा लोळवून दाखवा.

दादा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. त्या दिवशी खुर्चीतही बसला नाही. युक्ती त्याने आधीच शोधून ठेवली होती. मंचावर त्याच्या हातात बंद कंट्रोलर असेल. खरा माझ्याकडे, मागच्या पडद्याआड. तिथे ध्वनियंत्रणेचं टेबल आहे, त्यावर छोटा टीव्ही आहे, त्यात सगळं दिसतं.

“आणि माझं नाव?” मी विचारलं.

“शेवटी माईकवरून सांगतो. सगळ्यांसमोर. आईची शप्पथ.”

आईची शप्पथ तो लहानपणापासून दर दोन दिवसांनी घेतो आणि आई अजून ठणठणीत आहे. तरी मी हो म्हणाले. हजार माणसांसमोर एकदा कुणीतरी माझं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी मी दादासारख्या माणसावर पुन्हा विश्वास ठेवला, याची मला आजही लाज वाटते.

प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी मी पडद्यामागे एका उलट्या खोक्यावर बसले. टेबलाशी ध्वनियंत्रणेवाली बाई होती, गळ्यात हेडफोन, हातात चहाचा कागदी कप. तिने माझ्या हातातला कंट्रोलर पाहिला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. “सरांची बहीण का?” तिने विचारलं. मी मान हलवली. तिने कप खाली ठेवला आणि न विचारताच माझ्यासाठी टीव्हीचा आवाज वाढवला.

टाळ्या झाल्या. दादाने घसा खाकरल्याचा आवाज आला. घंटावालीने पहिला टोल दिला, जड. मी खालचा वार चुकवला.

पहिला टप्पा सहज पार पडला. बाहेर लोक ओरडत होते, मला ते लांबून ऐकू येत होतं. दादा सोडला तर आजवर कुणी माझा खेळ पाहिला नव्हता. अंगावर काटा आला, खोटं का बोलू. दुसऱ्या टप्प्यात घंटावाली दोन घंटा वाजवते आणि त्यातली एक खोटी असते. मी कान देऊन खेळत होते, तेवढ्यात निवेदकाने दादाला विचारलं, “सर, तुमची बोटं दिसत नाहीत इतकी भराभर चालतायत! घरी सराव कुणाबरोबर करता?”

“घरी?” दादा हसला. “घरी कुणाला यातलं ओ की ठो कळत नाही. आमची बहीण आहे एक, ती कवळ्या बनवते.”

लोक हसले. हजार माणसं.

माझा अंगठा क्षणभर थांबला, एक वार बसला. माझ्या योद्धीचा अर्धा जीव गेला. कंट्रोलर खाली ठेवून निघून जावं असं वाटलं. पण मी हरले असते तर तो म्हणाला असता, कंट्रोलर खराब निघाला, आणि लोकांनी च्च च्च केलं असतं. जिंकले असते तर तो जिंकणारच होता. या माणसाने सगळ्या वाटा आधीच अडवून ठेवल्या होत्या, आणि तेही अक्कल न वापरता, नुसत्या सवयीने. इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. मी खेळत राहिले. घंटावालीसाठी खेळले, जिने ती रचली त्या बाईसाठी खेळले. दादासाठी नव्हे.

तिसऱ्या टप्प्यात मी आठ वार ओळीने चुकवले आणि बाहेर नुसता कल्लोळ झाला. आणि इथे सरांनी आपलं सरपण दाखवलं. एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, म्हणून ते उठले. कंट्रोलर खुर्चीवर ठेवला. आणि दोन्ही हात जोडून लोकांना वाकून नमस्कार करू लागले, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

हे मला नंतर ध्वनियंत्रणेवालीने सांगितलं. मला तेव्हा एवढंच कळलं की कल्लोळ एकदम बसला. मग पहिल्या रांगेतून एक मुलगी ओरडली, “सर, तुमचे हात!” मंचावरच्या मोठ्या स्क्रीनवर माझी योद्धी अजून लढत होती, उडी मारत होती, वार चुकवत होती. सर मात्र नमस्काराच्या पोझमध्ये.

हशा पिकला. आणि माईकमधून दादाची कुजबुज सगळ्या सभागृहात घुमली, “थांब! अगं थांब म्हटलं ना!”

ध्वनियंत्रणेवालीचा हात त्या माईकच्या बटणावर होता. तिने तो बंद केला नाही. उलट जरा वरच केला.

मी थांबले नाही. हलका टोल, वरून वार. अर्धा तुटला, दोन पावलं मागे. दादा पडद्याच्या कापडाला धरून ओढत होता आणि मी त्याच्याकडे मान वळवून पाहिलंही नाही. शेवटचा वार बसला, घंटा फुटली, घंटावाली गुडघ्यावर आली. मग मी कंट्रोलर मांडीवर ठेवला.

पडदा बाजूला झाला. दादा नव्हता. एक बुटकी, चष्मा लावलेली कोरियन बाई होती, मागे धावत आलेला दुभाषा. ती मंचावरून, दादाच्या अगदी शेजारून आली होती आणि तो तिच्याशी हात मिळवायला पुढे केलेला हात तसाच हवेत धरून मागे उभा होता. बाई माझ्यासमोर त्या धुळीत उकिडवी बसली आणि माझ्या हातांकडे बघत काहीतरी म्हणाली.

“त्या विचारतायत,” दुभाषा म्हणाला, “तुम्ही डोळे मिटून खेळत होतात का? कारण तिसऱ्या टप्प्यात त्या तशाच खेळतात.”

“मिटलेच होते,” मी म्हणाले.

ती बाई दिलखुलास हसली, तिने माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि अजून एक प्रश्न विचारला. दुभाषाने तो सांगायच्या आधीच दादा मधे घुसला. त्याचा चेहरा परत सरांचा झाला होता, कमाल आहे. “ही माझी धाकटी बहीण. माझ्या हाताखालीच शिकली. आमच्याकडे सगळं मीच—”

“त्या यांचं नाव विचारतायत,” दुभाषा म्हणाला.

“सांगतो ना,” दादा म्हणाला, “हिचं नाव—”

“दादा, तू गप्प बस,” मी म्हणाले.

ध्वनियंत्रणेवालीने टेबलावरचा माईक उचलून माझ्या हातात दिला. तो चालू होता. मी माझं नाव सांगितलं, पूर्ण, सावकाश. आणि मग दुभाषाला नीट लिहिता यावं म्हणून पुन्हा एकदा सांगितलं.