कपाट नको होतं

धारगळच्या सरकारी प्राथमिक शाळेत गौरवीबाईंच्या पहिलीत चौदा मुलं होती आणि त्यातल्या आठांच्या घरी कानडी बोलत. हायवेच्या पलीकडे इमारतींची कामं चालली होती, त्या कामांवर बेळगावकडून आलेल्या गवंड्यांची आणि सेंट्रिंगवाल्यांची ही मुलं. आठही मुलं मुकाट बसायची. बाई एक म्हणाल्या की पाटीवर एक लिहायची, पण आंबा म्हणाल्या की नुसती तोंडाकडे बघत राहायची.

जुलैत एक दिवस एक मुलगी रडायला लागली ती थांबेना. गौरवीने पाणी दिलं, दप्तर तपासलं, काही उमगेना. तेवढ्यात त्या आठांतल्याच पूनमची आई, अनुसया, तिला डबा द्यायला आली. खिडकीतूनच रडणाऱ्या मुलीशी कानडीत दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "पोटात दुकायलंय तिच्या, बाई. सकाळधरनं काय खाल्लं न्हाई."

अनुसयाला कानडी आणि मराठी दोन्ही येई. गौरवीने तिला तासभर बसवून घेतलं. त्या तासात वर्गाचा जसा काही बूचच निघाला. अनुसयाने कानडीत विचारावं, मुलांनी उत्तर द्यावं, मग तेच तिने मराठीत म्हणून घ्यावं. पंधरा दिवस ती येत राहिली. मग एका सकाळी दारातच उभी राहून म्हणाली, "उद्यापास्नं न्हाई जमायचं. इकडं आले की तिकडं कामावर अर्धा रोज बुडतोय. मुकादम बोलतो, बगा."

गावात शाळांसाठी एक मदत निधी होता. जत्रेत, दुकानांतल्या डब्यांतून, बोटीवर नोकरी करणाऱ्यांकडून देणग्या जमायच्या आणि आसपासच्या शिक्षकांनी अर्ज केला की वर्गासाठी मदत मिळायची. गौरवीने त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. मागणी एकच होती: अनुसयाला रोज दोन तासांचा मेहनताना, वर्षभर.

निधीचं काम शंभूबाब बघत. त्यांचं हायवेवर हार्डवेअरचं दुकान, आणि माणूस वाईट नव्हे. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"तुमचा म्हणणा माका कळता, बाई. पण दिलेलो पैसो लोकांक दिसाक व्हयो. माणूस आज असा, फाल्या ना. वस्तू मागा."

"वस्तू बोलत नाही, शंभूबाब."

"नियमच तसो असा. कपाट मागा, तक्ते मागा, आताच मंजूर करतंय."

"मला कपाट नको आहे."

शेजारी शालिनीबाई बसल्या होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या हळूच म्हणाल्या, "घे गो. मिळतं ते घे. नाही म्हटलंस तर शाळेचं नावच सुटेल यादीतून."

गौरवीने घेतलं. चतुर्थीनंतर लोखंडी कपाट आलं आणि त्याबरोबर बारा रंगीत तक्ते. कपाटापुढे मुलांना उभं करून फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तिने फळांचा तक्ता लावला आणि आंब्यावर बोट ठेवलं. पूनम म्हणाली, "माविनहण्णु." इतर सात जणांनीही तेच म्हटलं. बरोबर होतं त्यांचं. पण तिथून त्यांना मराठी वाक्याकडे कसं न्यावं ते गौरवीला सुचेना. महिनाभर तिने पदरचे पैसे देऊन अनुसयाला बोलावलं. मग मुकादमानेच सांगितलं, अर्ध्या रोजाची बाई नको. तेही बंद झालं.

मार्चमध्ये अहवाल मागवला. 'लाभ कसा झाला' या रकान्यात तिने लिहिलं: 'तक्ते चांगले आहेत. मुलांना समजावणारं माणूस हवं होतं, ते मिळालं नाही. आठ मुलं अजून गप्प आहेत.'

शंभूबाबांचा फोन आला. "ती ओळ काढा, बाई. देणगीदारांच्या बैठकीत वाचूक लागता. लोक हात आखडतले."

"काढणार नाही."

"मग मी वाचूचंय ना."

"नका वाचू."

बैठक देवळाच्या सभागृहात झाली. गौरवी मागच्या रांगेत बसली. तिच्या शाळेचं नाव आलं, 'एक कपाट, बारा तक्ते', लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि शंभूबाब पान उलटू लागले. गौरवी उठली. तिने अनुसयाचं सगळं सांगितलं आणि खाली बसली.

मग हायवेकडेला कलिंगडं विकणारा धाकू उभा राहिला. दर हंगामात तो निधीला काही ना काही देई.

"माझे पैसे त्या बाईक दिले असतास तरी माका चलला असता," तो म्हणाला. "माका कोणी इचारूकच ना."

दोघा-चौघांनी माना हलवल्या. शंभूबाबांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं लोकांना काय हवं ते आपण सांगत आलो, विचारलं कधीच नाही, हे त्यांनाही कळलं असावं. पण ते एवढंच म्हणाले, "नियम बदलूक ठराव व्हयो. फुडल्या बैठकीत घेवया."

पुढची बैठक म्हणजे पुढचं वर्ष. शंभूबाबांवर रागावून गौरवीच्या काही हाती लागलं नसतं. त्यांनी आणि धाकूनेही आपापल्या परीने खरंच सांगितलं होतं आणि वर्ष मात्र गेलं होतं.

मे महिन्यात अनुसयाच्या नवऱ्याचं, परशुरामचं, काम मांद्र्याला हललं. अनुसया जाताना पूनमचा दाखला न्यायला आली. "तिकडच्या बाईंना कानडी येतंय का हो?" तिने विचारलं. गौरवीला माहीत नव्हतं.

जूनमध्ये शाळा भरली. नव्या पहिलीच्या यादीत सहा नावं कामावरच्या कुटुंबांची होती. घंटा व्हायच्या आधी गौरवी फाटकाशी जाऊन उभी राहिली. मुलांना सोडायला आलेल्या बायकांपैकी दोन्ही भाषा कोण बोलते ते ती ऐकत होती. एक बाई तशी सापडली. गौरवी तिच्याजवळ गेली, नाव विचारलं, पण वर्गात येण्याचे कुठले पैसे तिला कबूल करावेत ते गौरवीला कळेना.