मलंगगडात लपलेले घोडे

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. आज मला पाहून कुणी तसे म्हणणार नाही. हळदीच्या डागांचा कागद म्हणेल, आणि त्यात त्याचे काही चुकणारही नाही.

माझा जन्म कल्याणचा. रेल्वेच्या नकाशांत रंग भरणारा विश्राम सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी बसे आणि समोरचा मलंगगड रंगवी. जाड कागद, पाण्यात कालवलेले रंग, एवढ्यावर मी झाले. गड काय, कुणीही काढील. विश्रामने त्यात रानघोडे लपवले. कड्याच्या भेगेत एकाची मान, ढगात दुसऱ्याची आयाळ, ओढ्याच्या फेसात धावते खूर. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसत नसत, आणि मला त्याचा केवढा ताठा होता!

"मलंगगडावर घोडे कुणी बघितलेत?" त्याची बायको शेवंती हसली.

"लपलेत म्हणून दिसत नाहीत. शोध की."

मग चूल आवरली की ती रोज माझ्यापुढे उभी राही. घोडा सापडला की लहान पोरीसारखी टाळी वाजवी. शेवटी एकच उरला. तो काही केल्या दिसेना.

"सांगा ना हो, कुठंय तो?"

"हिला काच बसवून आणतो, त्या दिवशी सांगेन. तोवर शोध."

काच काही आली नाही. त्या साली कल्याणात प्लेग शिरला. काखेत गाठ आली आणि बघता बघता विश्राम गेला.

शेवंतीला मग एकच वेड लागले. नवऱ्याने सांगायचे ठेवलेले तेवढेच तिला हवे होते. मला ठाऊक होते, तो घोडा गडाच्या पायथ्याशी सावलीत उभा होता, मान वळवून मागे बघत. पण तसबिरीला कुठले तोंड? तिचे बोट तिथपर्यंत येई आणि पुढे सरके. माझा जीव तुटे.

दसरा आला. घरोघरी हत्यारे, जनावरे धुऊनपुसून पूजेला लागली. विश्रामची आई गंगुबाई सकाळपासून कासावीस होती. तिने लेकाचे कुंचले पाटावर मांडले, शेजारी मला निजवले.

"माझ्या विश्रामाचे घोडे हे. त्यांना पण आंघोळ हवी," म्हणत तिने तांब्याभर पाणी माझ्यावर ओतले. हळद लावली. मायेने हात फिरवला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. त्या हाताचा मला राग आला नाही, हेच वाईट. शेवंती परसातून सरपण घेऊन आत येईपर्यंत गड वाहून पाटाखाली गेला होता.

म्हातारीची नजर अधू. तिने वाकून पाहिले.

"शेवंते, घोडे कसे गं दिसत नाहीत?"

शेवंतीच्या हातचे सरपण खाली पडले. तिने पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "लपलेत, आत्याबाई."

मित्रांनो, पाण्याच्या रंगांना ओला हात लावू नका, आणि काच वेळेवर बसवा. सांगायचे असेल तेही काचेसाठी अडवून ठेवू नका. माझी एवढीच विनंती. मला स्वतःला आता काचेचा उपयोग नाही.

शेवंती अजून माझ्यापुढे उभी राहते. परवा तिचे बोट पायथ्याशी येऊन थांबले, पुढे सरकलेच नाही.

"हा का हो?" तिने विचारले.

जागा बरोबर तीच होती. फक्त तिथे आता घोडा नव्हता.