परवानगी नाकारली

दोन खोल्यांत माणसं मावेनात, तेव्हा उरलेली जिन्यावर बसली. आत शिलाई मशीनशेजारच्या खाटेवर शिलाईवालीचा नवरा पडलेला. छापखान्यातला मुद्रितशोधक तो. आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पक्षाघाताने त्याचीच वाचा गेली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं चालायचं.

त्या बोटाखाली बटणाची पेटी, पेटीची वायर संगणकात. पडद्यावर अक्षरं सरकत. हवं ते आलं की बटण दाबायचं, शब्द पुरा झाला की संगणक तो बोलून दाखवायचा. पण ही पेटी फक्त स्पर्शबाबांच्या हाताला वश होती. एरवी पडद्यावर एकच ओळ: 'परवानगी नाकारली'.

स्पर्शबाबा म्हणजे हा संगणक बसवून देणारा दुरुस्तीवाला. पहिल्या दिवशी पेटी चालेना. त्याने काहीतरी खुडबुड केली, खोलीत आवाज उमटला आणि शिलाईवाली रडत त्याच्या पाया पडली. जिना चढताना तो दुरुस्तीवाला होता, उतरताना सिद्धपुरुष झाला. 'परवानगी नाकारली' याचा अर्थ शेजाऱ्यांनीच लावला: वरून परवानगी नाही! बाबांनी तो खोडला नाही. फुकट मिळालेला मोठेपणा परत करणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आज बाबांनी कीबोर्डवर काळं फडकं टाकलं, दोन्ही हात त्याखाली घातले आणि डोळे मिटले.

"ऊर्जा... कंपन... वरच्या सर्व्हरला विनंती..."

फडकं थरथरलं. ओळ गेली, अक्षरं सरकू लागली. 'आहाहा' थेट जिन्यापर्यंत पोचलं.

नवऱ्याचं बोट धडपडत हललं. बऱ्याच वेळाने संगणक सपाट आवाजात म्हणाला, "गोळी."

"ऐकलंत?" बाबा गरजले. "तो स्वतःच सांगतोय, गोळी आड येतेय! रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यात ना, ताई?"

"अकरा दिवस झाले, बाबा."

"आणखी दहा. मग परवानगी कायमची."

नवऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोकांना तो आनंद वाटला. शिलाईवालीलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. पण वीस वर्षांच्या संसारात तिने त्याचं आनंदाचं रडणं पाहिलं होतं. ते असं नव्हतं.

"बाबा, एक विनंती," दाराशी उभी असलेली तिची नणंद म्हणाली. शाळेत संगणक शिकवणारी ती सकाळच्या गाडीनेच भावाला बघायला आली होती. "फडकं राहू द्या. कीबोर्ड तेवढा बाजूला ठेवू, मग स्पर्श करा."

"यंत्राचे अवयव तोडून विद्या चालत नाही."

"स्पर्श पेटीला करायचा की कीबोर्डला?"

"शंकेखोर माणूस खोलीत असला की वरून परवानगी येत नाही, बाई!"

"वरून कुठे येते? ती खालून येते. फडक्याखालून."

जिन्यावर कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी पेटीची वायर उपटून पुन्हा खुपसली. पडद्यावर तीच ओळ परत आली.

"घ्या! आता तुम्हीच बोलतं करून दाखवा त्याला."

शिलाईवालीने नणंदेचे हात धरले. "वन्सं, पदर पसरते, गप्प बसा. खोटं असलं तर असू दे. बाबा गेले तर ह्यांचा आवाज जाईल. मग मी कुणाशी बोलू? भिंतीशी?"

"वहिनी, मला अर्धा तास दे."

तिने संगणक बंद करून पासवर्ड न विचारणाऱ्या दुरुस्तीच्या वाटेने सुरू केला, बाबांनी स्वतःकडे ठेवलेल्या, सगळे अधिकार असलेल्या मालकाच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि संगणकाने ठेवलेल्या नोंदी उघडल्या. बाबांच्या प्रत्येक भेटीला तीच नोंद: मालकाच्या अधिकाराने आज्ञा दिली, पेटीवरची मनाई उठवली.

"पेटी जोडली की संगणक तिच्यासाठी एक फाईल तयार करतो," ती सगळ्यांना सांगू लागली. "ती कुणी उघडायची ते ठरलेलं असतं. मालकाच्या खात्याला मुभा, दादाच्या साध्या खात्याला मनाई. 'परवानगी नाकारली' म्हणजे एवढंच! हे गृहस्थ फडक्याखाली पासवर्ड टाकून मनाई उठवतात. जाताना 'यंत्राला विश्रांती' म्हणून वायर काढतात. वायर निघाली की फाईल गेली. पुन्हा जोडली की नवी फाईल, पुन्हा मनाई. मग बोलवा बाबांना."

"म्हणजे दैवी काहीच नाही?" खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं.

"काका, टपालाच्या तिजोरीची किल्ली तुमच्याकडे असायची. म्हणून तुम्ही देव होतात का?"

"नव्हतो. पण नमस्कार बरेच मिळायचे."

तिने एका ओळीचा नियम लिहिला: ही पेटी केव्हाही जोडली, तरी या घरच्या खात्याला मुभा. "आता तू जोड, वहिनी."

शिलाईवालीने वायर जोडली. अक्षरं सरकली. काढली, जोडली, सरकली. तिसऱ्यांदाही सरकली. तोवर बाबा जिना उतरून गेले होते.

नवऱ्याचं बोट हललं. थांबलं. घसरलं. पुन्हा हललं.

"गोळी," संगणक म्हणाला. आणि फार वेळाने, "दे."

शिलाईवालीने तोंडात पदर कोंबला. अकरा दिवस तो मागत होता, आणि अकरा दिवस ती देत नव्हती.

नणंदेने बोलावलेले डॉक्टर आले. दाब मोजताना त्यांचा चेहरा उतरला. गोळ्या तिथल्या तिथे सुरू झाल्या, गाडी मागवली गेली. "दाब आणू खाली," ते म्हणाले. "पण मधे आणखी एक झटका येऊन गेलाय. बोट पुन्हा पहिल्यासारखं चालेल का, सांगता येत नाही."

महिन्यापूर्वी तो दहा मिनिटांत वाक्य लिहायचा. आता एका शब्दाला तेवढा वेळ लागतो. शिलाईवाली हातातलं शिवण ठेवून वाट बघत बसते.

मनाई एका ओळीच्या नियमाने उठली. गेलेले अकरा दिवस कोणत्याच ओळीने परत येत नाहीत. म्हणून सांगणं एवढंच: एखादं यंत्र एकाच माणसाच्या हाताने चालत असेल, तर त्याच्या पायांकडे वाकण्याआधी त्याच्या हातांकडे नीट बघा. फडकं उचला. तुम्हाला त्यातलं काही दिसणार नाही असं तो म्हणाला, तर ज्याला दिसतं असा जाणकार शोधा. आणि आजाऱ्याची गोळी बंद करायला कुणी सांगितलं, तर डॉक्टरला विचारा. त्याच दिवशी विचारा.