मोर्वां चालणार नाही

नोटरीच्या कचेरीत ही माझी तिसरी खेप. पहिल्या खेपेला त्यानं बाप्तिस्म्याचा दाखला आणायला परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला आजीच्या सुटकेचा कागद मागितला. आजी गुलामीतून सुटून तीस वर्षं झाली होती, पण कागद हवा म्हणजे हवा. आता कागदासकट आजीलाच घेऊन आले होते. आज लग्नाचा करार झाला नाही तर रविवारी पाद्री चर्चमध्ये लग्नासाठी आमची नावं पुकारणार नव्हता. मग चाळीस दिवसांचे उपास सुरू, त्यात लग्नं लागत नाहीत. माझं डोकं नुसतं भणभणत होतं.

निघताना आजीला बजावलं होतं, "तिथं मला आफिवा म्हणून हाक मारू नकोस. यापुढे घरीसुद्धा नको. अँसेल्मसमोर लाज वाटते मला. ज्युस्तीन म्हण."

आई मला जन्म देऊन गेली, तेव्हापासून आजीनं मला सांभाळलं आणि तेव्हापासून तीच हाक मारली. त्यावरून आमच्या या उसाच्या बेटावरच्या काप शहरातल्या अर्ध्या पोरांनी मला चिडवलं होतं. आजी "बरं" म्हणाली आणि डोक्याचा रुमाल नीट बांधायला लागली.

"नाव?" नोटरीनं मान वर न करता विचारलं.

"ज्युस्तीन मोर्वां."

"मोर्वां चालणार नाही."

"माझ्या बापाचं नाव आहे ते!"

"बापाचं असेल, तुझं नाही. नवं फर्मान आलंय. गोऱ्या घराण्याचं नाव तुम्हा लोकांनी लावायचं नाही. आफ्रिकेकडचं सांग, नाहीतर धंद्यावरून घे, नाहीतर रंगावरून. शिवणकाम करतेस ना? सुई लिहू?"

"घे की," अँसेल्म शेजारून म्हणाला. "मी नाही का घेतलं?"

हा माझा होणारा नवरा. खोगिरं बनवतो. महिन्यापूर्वी याच टेबलाशी मुकाट्यानं अँसेल्म खोगीर होऊन बसला होता.

"तू गप्प बस," मी म्हणाले. "खोगिराशी सुईचं लग्न! लोक वरातीत दाणावैरण घेऊन येतील."

"मग आफ्रिकेकडचं सांग. लवकर," नोटरी म्हणाला. "माझं जेवण थांबलंय."

"मी इथं जन्मले, साहेब. मला तिकडचं काय ठाऊक?"

सगळे आजीकडे बघायला लागले. सुटकेच्या कागदावर ती व्हीनस होती. ते मालकानं ठेवलेलं. त्याच्या कुत्रीचं नाव डायना होतं. त्याआधीचं तिचं नाव मी उभ्या जन्मात विचारलं नव्हतं. आता मात्र तिच्या खांद्याला धरून म्हणाले, "आजी, तिकडचं नाव सांग गं एकदाचं. माझं लग्न अडलंय."

आजीनं जरा विचार केला. "कोसी," ती म्हणाली.

नोटरीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "ज्युस्तीन कोसी, गुलामांच्या वंशातली."

"पुन्हा वाचा," आजी म्हणाली.

"म्हातारे, बहिरी आहेस का?" पण त्यानं पुन्हा वाचलं. आजीनं मान डोलावली. करार झाला, सह्या झाल्या, अँसेल्म दुकानाकडे पळाला.

परतताना मी आजीला विचारलं, "कोसी म्हणजे तुझंच नाव ना?"

"माझं कशाला? कोसी माझा काका. मीठ आणायला जाऊ म्हणून मला किनाऱ्यावर नेलं आणि गोऱ्यांना विकून टाकलं. आपल्या वंशात कुणी गुलाम झालेलं नाही, असं रोज सांगायचा मेला. आता राजाच्या दप्तरात लिहिलंय, कोसी म्हणजे गुलामांचा वंश."

मी भर रस्त्यात उभी राहिले. "आणि त्या माणसाचं नाव मी मरेपर्यंत मिरवू? तुझं स्वतःचं दिलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"माझं त्यांच्या वहीत नको."

"त्यांच्या वहीत नको, ठीक आहे. मला तरी सांगशील? की तेही नाही?" माझा आवाज चढला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, रागानंच.

आजीनं माझ्याकडे पाहिलं. "आज सकाळपर्यंत तुला त्याच नावानं हाक मारत होते," ती म्हणाली. "तूच नको म्हणालीस, ज्युस्तीन."