मानेवरचा काटा

सर टाकी रिकामी करायला निघाले आणि बाटलीताई आडवी आली. "खबरदार!" म्हणाली, आणि स्वतःच दचकली. सरांना खबरदार म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

बावीस वर्षं तिनं या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या बाटल्या धुतल्या. नाव पडलं ते त्यावरूनच. धुता धुता बघत गेली, बघता बघता शिकली. यंदा कुठे सरांनी काचेची एक टाकी तिच्या हवाली केली होती. आत मोहरीएवढ्या पाणपिसवा आणि त्यांना मटकावणाऱ्या बारा अळ्या. शेवटची अळी संपली की खेळ खलास, प्रयोग बंद. साठ दिवस चालला, तर शोधनिबंधावर सरांच्या शेजारी तिचं नाव. आज एकेचाळिसावा दिवस होता. आणि दुसरी संधी नव्हती, कारण महिनाअखेर ही खोली दुसऱ्या विभागाकडे जाणार होती.

"ताई, पाच दिवस मी स्वतः मोजतोय. अळ्या शून्य," सर म्हणाले.

"अहो, अळी काचेसारखी आरपार. गाळात दडली तर तिच्या आईलाही दिसायची नाही! पण पिसवांची पोरं बघा की. आज जन्मलेल्यांच्या मानेवरही काटे आहेत. पाण्यात शत्रूचा वास असल्याशिवाय काटे येत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत."

"वास जुना असेल. मेलेल्या अळ्यांचा."

"मग दोन दिवस द्या. जुना की ताजा, ते दाखवते."

शेवटची अळी दिसली त्या दिवशीचं थोडं पाणी तिनं गाळून बाटलीत ठेवलं होतं. एका भांड्यात ते ओतलं, दुसऱ्यात टाकीतलं आजचं पाणी गाळून घेतलं. शत्रू कधी पाहिलाच नाही अशा दुसऱ्या टाकीतल्या पोटुशा पिसवा दोन्हींत सोडल्या. वास जुनाच असला, तर दोन्हीकडची पिल्लं काटेरी निघणार. फक्त आजच्या पाण्यातली निघाली, तर टाकीत अळी जिवंत!

"बाटलीताई पिसवांची साक्ष काढतेय," प्रयोगशाळेतली विद्यार्थी पोरं हसली.

"काढते! वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या गोड बोलत बसत नाहीत, सरळ काटे काढतात."

बोलली छातीठोकपणे, पण दोन दिवस जेवण काही गोड लागलं नाही.

तिसऱ्या सकाळी तिनं सूक्ष्मदर्शकापुढे सरांनाच बसवलं. जुन्या पाण्यातली दहा पिल्लं त्यांनी तपासली. दहाही माना गुळगुळीत. मग टाकीतल्या पाण्यातली घेतली. सर मोजत गेले. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.

"नऊ," शेवटी म्हणाले. "दहातल्या नवांना काटे."

त्यांनी वही ओढली, आपल्या हातानं लिहिलेली शून्यं खोडली आणि लिहिलं, 'किमान एक.' बाटलीताईला इतका आनंद झाला की हसावं की रडावं कळेना.

"पण आहे कुठे ती?" सर टाकीच्या काचेला नाक लावून म्हणाले.

"मला काय ठाऊक? ज्यांना जीव वाचवायचाय त्यांना ठाऊक आहे, तेवढं पुरे."

सरांनी पेन तिच्यापुढे धरलं. "आजपासून मोजणी तुम्ही करा, ताई. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

"करतेच," ती म्हणाली. "सरका जरा."