आईच्या खोलीतली करवत

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे बारक्या म्हणतात. वजन शंभरीच्या पलीकडे, डोक्यावर टक्कल, दोन पोरांचा बाप, पण आईच्या तोंडी तो बारक्या तो बारक्याच. या बारक्याला मध्यंतरी सुतारकामाचा झटका आला. आला तर आला, हौसेला मोल नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या झटक्यात आईची खोली गेली.

घरात चांगला उजेड येतो अशी ती एकच खोली. तिथला आईचा पलंग उचलून बारक्यानं जिन्याखाली नेऊन टाकला, चपलांच्या कपाटाला खेटून. "मला काय, पाठ टेकायला जागा मिळाली म्हणजे झालं," आई म्हणाली. तिचं हे असलं बोलणं ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. माझ्याकडे एक खोली चांगली रिकामी पडली आहे. चल म्हटलं की म्हणते, "बघू." तिच्या 'बघू'चा मला वीट आलाय.

मी तांत्रिक शाळेत लाकूडकाम शिकवते. म्हणून टेबल सॉ घ्यायला बारक्या मला दुकानात घेऊन गेला. टेबलाच्या पोटातून गोल पातं वर येतं आणि आपण लाकूड त्याच्याकडे सरकवायचं, अशी ती यांत्रिक करवत. लाकूड ज्या लांब पट्टीला टेकवून सरकवायचं तिला फेन्स म्हणतात, आणि निम्मी अक्कल त्या फेन्सची असते. ती पात्याला समांतर नसेल तर बाकी सगळं फुकट.

दुकानदार काडीनं दात कोरत बसला होता. कोरलेलं काडीच्या टोकावर घेऊन बघायचा आणि परत तोंडात. शी! मी वाकून एकेका मशीनची फेन्स ओढून बघितली, टेबलावर मोजपट्टी उभी धरून सपाटी बघितली. कोपऱ्यात एक राखाडी रंगाचं साधं मशीन होतं. फेन्स जिथे लावली तिथे घट्ट बसत होती, हलवली तरी हलत नव्हती.

"हे घे," मी म्हणाले.

"हे? हे तर गिरणीतल्यासारखं दिसतंय," बारक्या म्हणाला. त्याचे डोळे लाल मशीनवर. त्याला निळा दिवा होता, आकडे दाखवणारा पडदा होता, आणि फेन्स अशी की मी बोटानं ढकलली तर शेपटाकडून सरकली.

"अरे, ही फेन्स डुगडुगतेय."

"मॅडम, तेवढं चालतं," दुकानदार तोंडातली काडी न काढता म्हणाला. "शिवाय याचं गार्ड चुटकीसरशी निघतं. गिऱ्हाइकाला तेच आवडतं."

पात्यावरचं झाकण निघतं याचं हा माणूस कौतुक सांगत होता! आणि माझा भाऊ मान डोलावत होता. लाल मशीन घेतलं. "मग मला आणलंस कशाला?" मी विचारलं. "सोबतीला," तो म्हणाला, आणि वर हसला.

पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांना मशीन बघायला बोलावलं. मी गेले ती एकच गोष्ट मनाशी ठरवून. आज आईला घेऊनच निघायचं, तिच्या 'बघू'ला भीक घालायची नाही.

घरात पाऊल टाकलं ते भुशातच. मशीन यायच्या आधी हातानं केलेल्या कापाकापीचा भुसा घरभर पसरला होता. आईच्या उशीवर भुसा, पांघरुणाच्या घड्यांत भुसा, तिच्या औषधाच्या डबीच्या झाकणावर भुसा. तिनं मला चहा दिला, त्यावरही तांबूस साय धरावी तसा थर. ती स्वतः मात्र तो बाजूला फुंकून मजेत पीत होती आणि मधूनमधून खोकत होती.

"हा खोकला कधीपासून?"

"हवा बदललीय."

हवा बदललीय म्हणे!

तिच्या खोलीत आता मधोमध ते लाल धूड उभं होतं. समोर तिकाटण्यावर मोबाईल लावलेला, शेजारी बारक्याची बायको, चेहरा पडलेला. मी पात्याकडे बघितलं आणि हबकलेच. गार्ड नाही. आणि पात्याच्या मागे उभी असते ती पोलादी पट्टीसुद्धा नाही. कापलेल्या फटीत ती पट्टी शिरते, म्हणून लाकूड मिटत नाही आणि पात्याला पकडत नाही. ती नसली की पातं लाकूड उचलून उलटं, ढकलणाऱ्याच्याच दिशेनं भिरकावतं.

"पट्टी कुठाय?"

"ती होय? ती पॅकिंगची होती. गाडीत पातं हलू नये म्हणून लावतात. ती टाकली खोक्यात."

"बारक्या, ती पॅकिंगची नाही रे बाबा! आणि गार्ड?"

"गार्ड लावलं की व्हिडिओत काही दिसतच नाही."

मी खिशातली मोजपट्टी काढून फेन्स मोजली. मागच्या बाजूला ती पात्याच्या जास्त जवळ होती. म्हणजे लाकूड पुढे सरकेल तसं चिमटीत सापडणार. मी त्याला दाखवलं. "एवढ्याशानं काय होतंय?" तो म्हणाला. शाळेतलं पोर असतं तर कान धरून बाहेर काढलं असतं.

आणि मग मी आईची खुर्ची बघितली. यानं ती स्वतःच्या पाठीमागच्या भिंतीपाशी मांडली होती, नीट पात्याच्या रेषेत. तो स्वतः जरा डावीकडे सरकून उभा राहणार होता, आईला सगळं दिसावं म्हणून. आई त्या खुर्चीत पदर सावरून बसली होती, एवढी खूश की बघवेना.

"आई, ऊठ तिथून."

"अगं, त्यानं मुद्दाम मांडलीय माझ्यासाठी."

मी वायरीकडे गेले, पिनच उपटणार होते. आई कळवळून म्हणाली, "ताई, नको गं. एक दिवस तरी त्याच्या मनासारखं होऊ दे." तिनं असं म्हटलं की माझा हात गळतो, लहानपणापासून गळतो. पण खुर्ची मी सोडली नाही. आईसकट ओढत दाराकडे नेली. फरशीवर पाय खरखरले, आई "अगं पडेन, पडेन" करत राहिली, बारक्या ओरडला, "ताई, फ्रेममध्ये येतेयस!" आणि त्यानं बटण दाबलं.

पात्यानं आधी सूर धरला. फळी निम्मी गेली, जळका वास आला, आणि धाडकन आवाज झाला. फळी बारक्याच्या बगलेजवळून सुटली आणि मागच्या भिंतीवर आदळली. गिलाव्याचं ढलपं खाली आलं. भिंतीत खड्डा पडला, बसलेल्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर.

त्याच्या बायकोनं किंचाळून मशीन बंद केलं. बारक्या पांढराफटक पडला होता. त्यानं भिंतीकडे बघितलं, आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग बायकोला विचारलं, "आलं का रेकॉर्डिंगमध्ये?"

 मला राग नाही आला, अगदी घाण वाटली, अन्नात झुरळ दिसावं तशी. या माणसाला मी कडेवर घेऊन फिरवलं होतं.

मी आईला स्वयंपाकघरात नेलं. पाण्याचा पेला तिच्या हातात दिला, तो तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आई, बास झालं. तुझे कपडे भरते. आत्ता माझ्याबरोबर चल."

ती पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "त्याला सांगू नकोस हं मी घाबरले ते. हिरमुसेल तो."

"तू येतेयस का नाही?"

"मी आले तर त्याच्याजवळ कोण बसेल?" आई म्हणाली. "बायको वैतागते, पोरं फिरकत नाहीत. काही करताना त्याला कुणीतरी बघत बसायला लागतं गं. पहिल्यापासून लागतं. मी बसते, त्याला बरं वाटतं. आणि मला तरी आता दुसरं काय काम आहे?"

 आयुष्यात पहिल्यांदा मला आईचीसुद्धा किळस आली, तिच्या त्या गोड समजूतदार चेहऱ्याची. दोन मिनिटांपूर्वी ही बाई मेली असती, आणि हिला तो हिरमुसेल याची काळजी.  बोलून काही उपयोग नव्हता.

आतून बारक्याचा आवाज आला, "आई, ये गं, परत करतो."

"आले रे," म्हणत ती उठायला लागली. मी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. मग जिन्याखाली गेले, खोक्यातून ती पोलादी पट्टी आणि गार्ड शोधून काढलं, पाना घेतला आणि त्या खोलीत जाऊन बारक्याच्या देखत वायरीची पिन काढली. तो काहीबाही बोलत होता. मी फेन्स पात्याला समांतर लावली, पुढून मोजली, मागून मोजली, आणि एकेक बोल्ट आवळत बसले, कारण आई इथेच राहणार होती.