मुके फेरे

परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी खिशातून काळ्या चिकटपट्टीची गुंडाळी काढली, दातांनी तुकडा तोडला आणि पहिल्या मशीनच्या काउंटरवर चिकटवला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. तारेचे फेरे मोजणारे ते इवले आकडे एकामागून एक डोळे मिटावेत तसे मिटत गेले.

“गावात पंप जळला तर तिथं कुणी काउंटर आणून देणार नाही,” ते म्हणाले. “स्वतः मोजायचं. एका कॉइलला अठ्ठेचाळीस फेरे. आज कॉइल, उद्या मोटारीत भरायच्या, परवा मी मोटार चालवून बघणार. करा सुरुवात.”

पत्र्याच्या त्या शेडमध्ये नऊ जणी होत्या. चार महिने त्यांनी जळक्या मोटारी उकलल्या होत्या, काजळलेल्या खाचा खरवडल्या होत्या, लाकडी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून तळहाताला घट्टे पाडून घेतले होते. पण मोजायचं काम काउंटरचं. तसं अठ्ठेचाळीसपर्यंत मोजायला लागतं काय? काहीच नाही. पण एका हातात तारेचा ताण, दुसऱ्या हातात हँडल आणि पाठीमागे परक्या बुटांचा आवाज असला, की एकवीसनंतर बावीस येतं की एकतीस, हे भल्याभल्यांना आठवत नाही.

सगळ्यांच्या माना खिडकीजवळच्या मशीनकडे वळल्या.

तिथे काकी बसत असे. वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची काकी. शिकवणारे मास्तरही तिला काकीच म्हणत. तिनं काउंटरकडे कधी पाहिलंच नव्हतं. ते आकडे तिला दिसत नसत आणि दिसले तरी पटत नसत. ती गाण्यावर मोजायची. विहिरीचा दोर ओढताना आई म्हणायची ते गाणं. त्यात घरातल्या प्रत्येकाच्या नावानं एक घडा भरायचा, आणि एका घड्याला सहा ओढी. जिचं घर, तिची माणसं. बाकी चाल तीच. काकी ओढीऐवजी फेरा देई. पहिल्या महिन्यात मास्तरांनी तिच्या कॉइली तीन वेळा तपासल्या होत्या. दर वेळी अठ्ठेचाळीस. मग त्यांनी तपासणं सोडून दिलं.

“काकी, आज जरा मोठ्यानं म्हणा हं,” मागच्या मशीनवरची गिट्टी कुजबुजली.

“साहेब, गाणं चालेल ना?” लांबीनं विचारलं. उंच होती, जिभेनंही लांब. “का त्याच्यावर पण पट्टी?”

साहेब हसले. “तोंड चालू द्या. हात थांबायला नकोत.”

काकीनं तार फर्म्यात अडकवली आणि मान न वळवता म्हणाली, “घाबरू नका गं पोरींनो. माझ्याबरोबर फिरवा. गाणं संपलं की अठ्ठेचाळीस भरले.”

*घडा गं भरला, म्हाताऱ्या सासूला,*
*पाय धुऊनिया बसली उन्हाला.*

नऊ हँडलं एका तालात फिरू लागली. तांबं फर्म्यावर उतरत गेलं, उन्हाच्या तिरिपीत चमकत गेलं. दिराचा घडा झाला, नणंदेचा झाला, धन्याचा झाला.

*घडा गं भरला, घराच्या धन्याला,*
*वाट बघता गं कोमट झालेला.*

धन्याच्या घड्यानंतर काकीचे ओठ मिटत. मग जरा वेळानं पाखरांचा घडा येई, शेजारणीचा येई आणि शेवटी तिचा स्वतःचा:

*घडा गं भरला, माझ्याच वाट्याचा,*
*सांडून उरला तेवढा घोटाचा.*

“झाले!” लांबी मागून ओरडली. “काकी, पुढची कॉइल! तुमच्या सासूला परत पाणी पाजा!”

हसण्याची एक लाट उठली. काकी खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिनं मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

*

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गिट्टी तिच्याजवळ येऊन बसली. ती खडी फोडणाऱ्या क्रशरवरून आली होती, म्हणून पोरींनी तिचं नाव गिट्टी ठेवलेलं. पहिल्या आठवड्यात तिच्या केसांतून धूळ गळायची आणि तांब्यावर बसायची. मास्तरांनी तिला डोकं धुऊन यायला सांगितलं तेव्हा ती सगळ्यांदेखत रडली होती. तिची आई अजून क्रशरवर होती. रात्रंदिवस खोकायची. डॉक्टरनं औषध दिलं होतं आणि औषधाहून धुळीपासून लांब नेणं बरं, असंही सांगितलं होतं.

“खोली बघून आले, काकी,” गिट्टी म्हणाली.

“कुठली?”

“कारखान्याच्या पंपघरामागची. कारखानावाले पास होतील त्या सगळ्यांना घेणार म्हणालेत ना, त्यांना खोल्या आहेत तिथं. एक रिकामीच आहे. खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं मी. हे बघा.”

तिनं बोट पुढे केलं. जणू अजून त्यावर काही असायला हवं होतं. काहीच नव्हतं.

“धूळ नाही,” ती म्हणाली.

काकीनं ते बोट आपल्या मुठीत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. अकरा वर्षांपूर्वी अशीच बोटं तिच्या घरात होती. ती असती तर आज गिट्टीएवढीच असती.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी मोटारी टेबलावर रांगेनं मांडल्या होत्या. व्हार्निश वाळून कॉइली मधासारख्या दिसत होत्या. नियम सोपा होता: दहा मिनिटं चालवायची. तापली नाही तर पास.

पहिली गिट्टीची. साहेबांनी खटका दाबला. मोटार फिरली, पण घशात काही अडकल्यासारखी गुरगुरत फिरली. गिट्टीनं काकीकडे पाहिलं. काकी म्हणाली, “होईल गं मोकळी.” तिसऱ्या मिनिटाला साहेबांनी मीटरवर बोट ठोकलं. पाचव्याला व्हार्निशचा वास आला. सहाव्याला खाचांतून धुराची बारीक रेघ वर आली आणि साहेबांनी खटका बंद केला.

“पुढची.”

दुसरी लांबीची. तीही गुरगुरली, तीही धुरावली. तिसरी. चौथी. शेडमध्ये जळक्या वासाचं धुकं साचलं. मास्तर आधी खिडक्या उघडत होते. सहाव्या मोटारीला ते नुसतेच भिंतीला टेकून उभे राहिले.

आठवीही गेली. शेवटची काकीची.

ती मधमाशीसारखी गुणगुणली. दहा मिनिटं झाली. साहेबांनी तिच्या अंगावर तळवा ठेवला आणि काकीला म्हणाले, “हात लावून बघा.” दूध पिऊन झोपलेल्या लेकराचं पोट लागावं, तशी कोमट होती.

“अभिनंदन, बाई. एकटीनं तरी शिकून घेतलंत.”

कुणी टाळी वाजवली नाही. मास्तर पुढे झाले. गिट्टीची मोटार त्यांनी आडवी केली, एका कॉइलची टोकं छिन्नीनं सपकन छाटली आणि तांब्याचे ते लाल ठिपके टाचणीनं मोजू लागले. त्यांचे ओठ हलत होते. मोजून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“बेचाळीस,” ते म्हणाले.

लांबीची छाटली. बेचाळीस. तिसरी छाटली, बेचाळीस. शेडमध्ये छिन्नीचा आवाज आणि तो आकडा, दुसरं काही नाही.

“आठही जणींचे बेचाळीस,” साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले. “एकीनं चुकायचं आणि सात जणींनी बघून करायचं. छान शिकवलंत, मास्तर.”

“कुणाचं बघितलं नाही, साहेब!” लांबी म्हणाली. “गाण्यावर फिरवलं. अख्खं गाणं. काकींना विचारा.”

काकी आपल्या बोटांवर मोजत होती. सासू. दीर. नणंद. धनी. पाखरं. शेजारीण. मी. सात बोटं. सात सक बेचाळीस. आठवं बोट तसंच ताठ राहिलं.

धन्यानंतरचा घडा लेकीचा होता. ते कडवं काकीनं स्वतः रचलं होतं. लेक पाळण्यात असताना, दोर ओढता ओढता. मग एका दुपारी लेक खाणीतल्या खड्ड्यावर पाणी आणायला गेली. घडा वर तरंगत होता, त्यावरून शोध लागला. त्या दिवसापासून त्या कडव्यापाशी काकीचा आवाज बंद होई. पण कडवं गाण्यातून काढून टाकणं तिच्यानं झालं नव्हतं. ओठ मिटून ती लेकीचे सहा फेरे तेवढे हातानं देई. इतकी वर्षं देत होती. ते फेरे कुणाला ऐकू येत नाहीत, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. काउंटर होता तोवर पोरींचं काही अडलं नाही. गाणं नुसतं सोबतीला होतं. परवा मात्र तिचा आवाज थांबला, तेव्हा पाठीमागे आठही जणींनी हात थांबवले असणार. काकी दम घेतेय, असं वाटून थांबल्या असणार. शहाण्या पोरी.

“साहेब,” ती पुढे झाली. “चूक माझी आहे. माझ्या गाण्यात सहा फेरे मुके आहेत. मी त्यांना सांगितलंच नाही. त्यांना परत एकदा करू द्या.”

“मुके म्हणजे?”

तिनं तोंड उघडलं. साहेब वाट पाहत होते. वाईट माणूस नव्हता. पण लेकीचं नाव जिभेवर येईना.

“म्हणजे... मी म्हणत नाही. नुसती फिरवते.”

“बाई, तुमची मोटार चालली. तुम्ही का जीव टाकताय?”

“मग माझं नाव काढा. हिचं घाला.” तिनं गिट्टीचा दंड धरून तिला पुढे केलं. “हिला मोजायला येतं. मी लबाडी केली असं लिहा.”

“असं नाव बदलत नसतं.” साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. “तार संपली आहे, मशीन आजच पुढच्या केंद्रावर जायच्या आहेत. बाहेर ट्रक उभा आहे. मास्तर, सांगा यांना.”

मास्तर टेबलावरचे तांब्याचे तुकडे गोळा करत होते. एकेक, टाचण्या वेचाव्यात तसे.

पोरी डबे उचलून निघाल्या. दारात लांबी काकीसमोर थांबली.

“घरादाराला पाणी पाजलंत, काकी,” ती म्हणाली. “पाखरांना पण पाजलंत. आम्हीच तेवढ्या राहिलो.”

नेहमीसारखं तिला हसवायचं होतं बहुतेक. पण स्वर मधेच चिरला आणि ती पाठ फिरवून उन्हात चालती झाली.

*

हमालांनी दाराकडून मशीन खोलायला सुरुवात केली. काकी आपल्या स्टुलावर बसली होती. हातात पास झाल्याचा कागद होता. सोमवारी पंपघरावर हजर व्हायचं. गिट्टी शेवटच्या मशीनपाशी उभी होती. तिनं काउंटरवरची पट्टी नखानं सोलली, आकडे शून्यावर फिरवले आणि पट्टी पुन्हा जिथल्या तिथे चिकटवली.

“आईला काय सांगू?” तिनं विचारलं.

काकीनं हातातल्या कागदाची घडी घातली.

“कुणाचे होते? ते सहा फेरे?”

“लेकीचे,” काकी म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. “तुझ्याएवढी झाली असती.”

गिट्टीनं मान हलवली. रागावली नाही, रडलीही नाही. स्टूल ओढून ती बसली आणि रिकाम्या फर्म्याच्या हँडलवर हात ठेवला. तार नव्हतीच.

“म्हणा,” ती म्हणाली.

“आता कशाला गं?”

“म्हणा ना, काकी.”

हमाल पाना घेऊन जवळ येऊन उभा राहिला. “ताई, एवढंच राहिलंय,” तो म्हणाला. पण हँडल फिरू लागलेलं पाहून थांबला.

काकीनं सासूचा घडा भरला. आवाज दोनदा फाटला. दीर, नणंद. धन्याचा घडा कोमट झाला. मग लेकीची पाळी आली. काकीनं या वेळी खरोखर तोंड उघडलं. शब्द आले नाहीत.

गिट्टीचा हात थांबला नाही. त्या शांततेत कोरडं हँडल एकदा कुरकुरलं, दोनदा, तीनदा. सहा वेळा. मग पाखरांचा घडा आला, शेजारणीचा आला, सांडून उरलेला शेवटचा आला.

गिट्टीनं पट्टी काढली नाही.

“अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली आणि हमालासाठी बाजूला झाली.